पिकमोजणीच्या चोवीस पेट्या : पॅकेजचा कारभार लॅपटॉपवरून

१२ नोव्हेंबर २०२५

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली शेड. टॉवेलचे चोवीस माग आणि प्रत्येक मागावर माझी एक पेटी. पेटीत बीगलबोन ब्लॅक हा छोटा संगणक, क्रँक शाफ्टवरची लोखंडी पाती समोरून गेली की स्पंद देणारा सेन्सर, आणि ते स्पंद मोजणारा माझा प्रोग्राम. शाफ्टची एक फेरी म्हणजे एक पिक, बाण्याचा एक धागा. या शेडमध्ये विणकराची मजुरी पिकांवर ठरते.

मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरमामांनी आज बाजूला बोलावलं. "ताई, सात नंबर आणि आठ नंबर एकाच दमानं चालतात. दोन्ही पोरं सारखीच राबतात. मग सातवाल्याचे पिक रोज कमी कसे काय पडतात?"

पाळीचं कापड काढून मोजलं. पिक ग्लास, म्हणजे धागे मोजायचं भिंग, लावून चार ठिकाणी बघितलं, मीटरमागे साधारण १,६०० पिक. कापड भरलं ४३ मीटर. म्हणजे ६८,८०० च्या आसपास आकडा हवा होता. पेटी दाखवत होती ६६,४००. त्या पोराने दीड मीटर टॉवेल विणला होता आणि त्याचे पैसे त्याला मिळाले नव्हते.

कारण तासाभरात सापडलं. प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत ३० मिलिसेकंदांपेक्षा आखूड स्पंद हादऱ्यामुळे आलेला समजून गाळला जायचा. पावसाळ्यात पुली बदलून मागांचा वेग वाढवला, पाती सेन्सरसमोरून लवकर निघून जायला लागली आणि खरे स्पंदही गाळात जायला लागले. याची दुरुस्ती मी जुलैतच केली होती. एकेका पेटीत लॉगिन करून नवी फाइल हाताने टाकली होती. सात, पंधरा आणि बावीस नंबर राहून गेले. माझ्या वहीत मात्र चोवीसही पेट्यांपुढे बरोबरची खूण आहे.

शेठना लगेच सांगितलं. तिन्ही मागांचा ऑगस्टपासूनचा फरक कापडाच्या मीटरवरून काढायचा आणि माझ्या बिलातून वळता करायचा, असं ठरलं. माझ्या आजोबांची हयात साखर पेठेत हातमागावर गेली. संध्याकाळी ते लुगडं पुन्हा पुन्हा मोजायचे, कारण व्यापाऱ्याच्या मापावर त्यांचा भरवसा नव्हता. आज माझी पेटी त्या व्यापाऱ्याच्या मापासारखी वागली.

यापुढे कोणत्या पेटीत काय आहे हे वहीला विचारायचं नाही, पेटीलाच विचारायचं. आणि तिच्यात काय असावं हे लॅपटॉपवर एकदाच ठरेल.

१८ नोव्हेंबर

चोवीस पेट्यांच्या स्टेटस फाइली पेनड्राइव्हवर आणल्या. शेडच्या जाळ्याला इंटरनेट नाही. शेठनी ते मुद्दामच जोडलेलं नाही आणि मलाही हे पटतं.

पेट्यांवर डेबियन ही लिनक्सची प्रणाली आहे. डेबियन चालणाऱ्या प्रत्येक यंत्रावर /व्हार/लिब/डीपीकेजी/ मध्ये स्टेटस नावाची साधी मजकुराची फाइल असते. कोणतं पॅकेज, कोणती आवृत्ती, कोणत्या प्रोसेसरसाठी, ते पूर्ण बसलंय की अर्धवट राहिलंय, कशावर अवलंबून आहे, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. पॅकेजं बसवणारा-काढणारा डीपीकेजी तिच्यातच लिहितो आणि तिच्यातूनच वाचतो. पेटीची खरी वही ती.

प्रत्येक फाइलीतून नाव आणि आवृत्ती एवढंच काढलं, यादी क्रमाने लावली आणि तिचा शा-२५६ ठसा, म्हणजे एक अक्षर बदललं तरी बदलणारी खूण, घेतला. चोवीस पेट्या सारख्या असत्या तर एकच ठसा आला असता. आले अकरा.

तीन नंबरमध्ये अख्खा जीसीसी कंपायलर बसलेला आहे. गेल्या वर्षी घाईत मी पेटीवरच कंपाइल केलं होतं, ५१२ मेगाबाइट रॅमवर. अकरा नंबरमध्ये दोन वेगवेगळ्या लायब्ररींचे हेडर. एकोणीसमध्ये पायथनची पॅकेजं टाकणारा पिप बसवलेला. आणि ज्या गोष्टीसाठी हे सगळं चाललंय, तो मोजणीचा प्रोग्राम? तो एकाही यादीत नाही. मी तो एससीपीने, म्हणजे नुसती फाइल कॉपी करून, /यूएसआर/लोकल/बिन मध्ये टाकत आले. डीपीकेजीच्या हातून जे गेलं नाही ते डीपीकेजीला ठाऊक नसतं. सात नंबरची चूक स्टेटस फाइल बघूनही सापडली नसती.

म्हणून पहिलं काम, पेटीत जे जाईल ते डेब, म्हणजे डीपीकेजीला कळणारं पॅकेज, होऊनच जाईल. दहा ओळींची सेटिंगची फाइल असली तरी.

२१ नोव्हेंबर

लॅपटॉप इंटेलचा, डेबियनच्या भाषेत एएमडी६४. पेटी आर्मएचएफ, म्हणजे दशांशाचं गणित हार्डवेअरमध्ये करणारी ३२ बिटी आर्म प्रोसेसरची. पेटीला कोणती पॅकेजं लागतील हा हिशोब लॅपटॉपवरच्या एपीटीकडून, म्हणजे पॅकेजं शोधून डीपीकेजीकडे सोपवणाऱ्या प्रोग्रामकडून, करून घ्यायचा. असं करता येतं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

एपीटीचा हिशोब तीन गोष्टींवर चालतो. पॅकेजांच्या भांडारात काय आहे, यंत्रावर काय आहे आणि यंत्र कोणत्या जातीचं आहे. या तिन्ही गोष्टी तो सेटिंगमधून घेतो, आणि सेटिंग बदलता येतं. प्रत्येक पेटीसाठी लॅपटॉपवर एक फोल्डर केलं. त्यात स्वतःची सोर्स यादी, स्वतःची कॅश, स्वतःची स्टेट, आणि स्टेटस फाइलच्या जागी पेटीतून आणलेली फाइल. 'एपीटी आर्किटेक्चर' आर्मएचएफ. ही सेटिंगची फाइल एपीटी-कॉन्फिग या पर्यावरण-चलातून दिली की लॅपटॉपचा एपीटी स्वतःला सात नंबरची पेटी समजून उत्तरं देतो. आधी नुसतं सिम्युलेट करायला सांगायचं. यादी पटली की फक्त डाउनलोड. डेब फाइली कॅशमध्ये येतात आणि पेनड्राइव्हवरून पेटीत जातात.

पहिल्या फेरीत एपीटीने पेटीसाठी एएमडी६४ ची पॅकेजंही सुचवली. एकवचनी 'आर्किटेक्चर' बदललं होतं, पण अनेकवचनी 'आर्किटेक्चर्स' ही यादी वेगळी असते आणि ती भरलेली नसेल तर एपीटी लॅपटॉपच्याच डीपीकेजीला विचारून भरतो. त्या यादीत फक्त आर्मएचएफ लिहिलं आणि गोंधळ मिटला. दुसरी खबरदारी अशी की 'फक्त डाउनलोड' विसरलं तर एपीटी डेब फाइली लॅपटॉपच्या डीपीकेजीकडे सोपवेल. म्हणून त्या सेटिंगमध्ये डीपीकेजीच्या जागी नुसता 'खोटा', म्हणजे नेहमी अपयश देणारा फॉल्स प्रोग्राम लावून ठेवला. आता चुकूनही काही बसणार नाही.

जॉबरमामा शेजारी बसून बघत होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे पेटी तिकडं आणि तिचा हिशोब इकडं?" हो मामा. माग शेडमध्ये असतो, पण ताण्याचा बीम भरून दुसरीकडून येतो ना, तसंच.

२७ नोव्हेंबर

मोजणीचा प्रोग्राम लॅपटॉपवर आर्मसाठी कंपाइल केला. त्यासाठी क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्मएचएफ हे एकच पॅकेज पुरतं, आर्मचा कंपायलर आणि त्याचा सगळा लवाजमा त्याच्याबरोबर येतो. लायब्ररींसाठी डीपीकेजीला आर्मएचएफ हे परकं आर्किटेक्चर जोडून द्यायचं. मग त्याच लॅपटॉपवर एकाच लायब्ररीच्या दोन्ही जातींच्या प्रती आपापल्या फोल्डरात राहतात, एकमेकींवर चढत नाहीत. डेबियनमध्ये याला मल्टिआर्च म्हणतात आणि आम्हा लोकांसाठी हे फार मोठं काम होऊन गेलेलं आहे. पूर्वी सिसरूट नावाचं फाइलींचं वेगळं झाड हाताने जमवायला लागायचं.

प्रोग्राम सात नंबरवर नेला. चालेना. 'जीएलआयबीसी २.३४ सापडत नाही' म्हणाला.

जीलिबसी म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ लायब्ररी. लॅपटॉपवर डेबियन १२ आहे, त्यात जीलिबसी २.३६. पेट्यांवर डेबियन ११, त्यात २.३१. जीलिबसीच्या २.३४ या आवृत्तीत थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या मुळाच्या फंक्शनलाच नवा आवृत्तीचा शिक्का मिळाला. त्यामुळे २.३४ किंवा पुढच्या जीलिबसीवर जोडलेला अगदी तीन ओळींचा प्रोग्रामही २.३१ वर उभा राहत नाही. उलट दिशेने अडत नाही. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं.

लॅपटॉपवर डेबियन ११ चं एक वेगळं चरूट, म्हणजे एका फोल्डरात नांदणारी स्वतंत्र प्रणाली, केलं आणि क्रॉस कंपायलर त्याच्या आत ठेवला. चरूट एएमडी६४ चंच आहे, म्हणून कंपायलर लॅपटॉपच्या पूर्ण वेगाने चालतो. आधी एकदा उत्साहात अख्खं आर्मचं चरूट करून आर्मची नक्कल करणाऱ्या क्यूएमूतून कंपाइल केलं होतं. तेही होतं, पण माझ्या लॅपटॉपवर चाळीस सेकंदांच्या कामाला सहा मिनिटं लागली.

खरी गोष्ट संध्याकाळी उमगली. मी परत तीच सवय केली होती. नुसती बायनरी कॉपी करून नेली होती. डेब बनवला असता तर बांधणीच्या वेळी डीपीकेजी-श्लिबडेप्स प्रोग्राममधली चिन्हं वाचून 'जीलिबसी २.३४ किंवा पुढची लागेल' असं पॅकेजवरच लिहून ठेवतो, आणि पेटीवरच्या डीपीकेजीने ते नीट बसवून घ्यायचंच नाकारलं असतं. पिंपात भरून पाठवलेल्या मालावर चिठ्ठी नसेल तर घेणाऱ्याला काय कळणार.

रात्री सात, पंधरा, बावीस या तिन्ही पेट्यांवर नवी आवृत्ती गेली. डेब होऊन.

३ डिसेंबर

सात नंबरचं कापड पुन्हा मोजलं. ४२ मीटर ६० सेंटिमीटर. पेटीचा आकडा ६८,११२. जुळलं. सातवाल्या पोराला पेटीवरचा आकडा आणि पट्टी दोन्ही दाखवले. फरकाचे पैसे शनिवारी मिळतील.

९ डिसेंबर

अकरा ठशांच्या पेट्या एकेक पॅकेज काढत-घालत सारख्या करत बसण्यापेक्षा नवी प्रणाली एकदाच बांधावी. डेबियन ११ ची दीर्घकालीन देखभाल तशीही ३१ ऑगस्ट २०२६ ला संपते. नवी पेटी डेबियन १३ वर. ही आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ ला आली.

पेटीची अख्खी फाइलप्रणाली लॅपटॉपवर बांधायला डेबूटस्ट्रॅप या साधनाला आर्मएचएफ सांगून 'फॉरेन' हा पर्याय द्यावा लागतो. तो डेब फाइली उतरवतो, उलगडतो आणि थांबतो. थांबावंच लागतं, कारण पुढचा टप्पा पॅकेजच्या आतल्या स्क्रिप्ट चालवण्याचा असतो. पोस्टइन्स्ट नावाची स्क्रिप्ट पॅकेज बसल्यावर वापरकर्ता तयार करते, किल्ल्या बनवते, सेवा सुरू करते. ती चालते पेटीच्याच शेलमध्ये, आणि ते शेल आर्मचं. इंटेलने आर्मची फाइल उघडली की 'एक्झेक फॉरमॅट एरर'.

यावर क्यूएमू-यूजर. तो आर्मच्या सूचना इंटेलच्या भाषेत वळवतो, आणि लिनक्सची बिनएफएमटी-मिस्क ही सोय फाइलीच्या सुरुवातीचे बाइट बघून ती आपोआप क्यूएमूकडे पाठवते. पूर्वी क्यूएमूची प्रत चरूटच्या आत ठेवावी लागे. नोंदणीत एफ हा झेंडा लावलेला असेल तर कर्नेल दुभाष्याला आधीच उघडून ठेवतो आणि आत प्रत लागत नाही. चरूटमध्ये सेवा सुरू होऊ नयेत म्हणून पॉलिसी-आरसी-डी नावाची एक छोटी स्क्रिप्ट ठेवली, जी प्रत्येक वेळी १०१ हा आकडा परत करते. त्याचा अर्थ 'परवानगी नाही'.

दोन तासांत पेटीत उतरवायची प्रतिमा (इमेज) तयार. घरच्या टेबलावर तीन सुट्या पेट्यांवर उतरवली. तिन्ही उठल्या. छान वाटलं.

११ डिसेंबर

छान वाटणं दोन दिवस टिकलं. शेडमध्ये तिन्ही पेट्या जाळ्यावर लावल्या तर एकच पेटी दिसे, कधी ही, कधी ती. राउटर तिघींना एकच पत्ता देत होता.

पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट लॅपटॉपवर एकदाच चालल्या होत्या. त्यामुळे /ईटीसी मधला मशीन-आयडी एकदाच तयार झाला आणि तिन्ही पेट्यांत तोच गेला. सिस्टमडी-नेटवर्कडी राउटरकडे पत्ता मागताना ओळख म्हणून याच आयडीपासून काढलेला आकडा देतो. राउटरच्या दृष्टीने ती एकच पेटी होती. मग धडकी भरून एसएसएचच्या किल्ल्या बघितल्या. त्याही तिन्ही पेट्यांत एकच. ओपनएसएसएच सर्व्हरची पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट किल्ल्या बनवते, आणि तीही लॅपटॉपवर एकदाच चालली होती. एका पेटीची खाजगी किल्ली हाती लागली तर चोवीसही पेट्यांचं सोंग घेता आलं असतं.

आता मी प्रत्येक पॅकेजच्या पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट उघडून वाचते. /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मध्ये त्या सगळ्या असतात आणि बहुतेक शेलच्या साध्या स्क्रिप्ट असतात. एकच प्रश्न विचारत वाचायचं, हे काम सगळ्या पेट्यांसाठी एकदा करून चालेल, की प्रत्येक पेटीने स्वतः करायला हवं? वापरकर्ता तयार करणं, फाइलीची मालकी लावणं, हे लॅपटॉपवर झालेलं बरं. किल्ली, आयडी, यंत्राचं नाव, यादृच्छिक बीज, हे पेटीचं पेटीने.

छोट्या यंत्रांच्या प्रणाली बांधणाऱ्या दुसऱ्या घरांतही हाच विचार आहे. योक्टोमध्ये स्क्रिप्टला डॉलर-डी भरलेला दिसला की आपण बांधणीच्या यंत्रावर आहोत हे कळतं, आणि ज्या कामाला खरं यंत्रच हवं ते पहिल्या बूटसाठी मागे ठेवता येतं. ओपनडब्ल्यूआरटीच्या स्क्रिप्ट आयपीकेजी-इन्स्टरूट हे चल बघतात. डीपीकेजीलाही डीपीकेजी-रूट आहे, पण स्क्रिप्ट चरूटविना चालवायची सोय सगळ्या पॅकेजांनी अजून पाळलेली नाही, म्हणून मी क्यूएमूच्याच वाटेने राहिले. बिल्डरूट तर पेटीवर पॅकेज मॅनेजर ठेवतच नाही. बदल हवा तर अख्खी प्रतिमा नव्याने बांधा. त्यांचं म्हणणं मला आज जास्त कळलं.

प्रतिमेतून किल्ल्या काढल्या, मशीन-आयडीची फाइल रिकामी करून ठेवली, पुसली नाही. रिकामी असली की पहिल्या बूटला प्रणाली ती स्वतः भरते. किल्ल्यांसाठी पहिल्या बूटला एकदाच चालणारी छोटी सेवा लिहिली. तिन्ही पेट्यांना तीन पत्ते मिळाले.

१८ डिसेंबर

स्वतःचं भांडार उभं केलं, ॲप्टली या साधनाने. डेबियनमधून लागतील तेवढीच पॅकेजं आणि माझी सहा. प्रत्येक बदलानंतर भांडाराचा स्नॅपशॉट घेऊन त्यावर माझी जीपीजीची डिजिटल सही. पेट्यांत सोर्स म्हणून फक्त हे भांडार आणि 'साइन्ड-बाय' मध्ये फक्त माझी सार्वजनिक किल्ली.

'पिकपेटी' नावाचं एक रिकामं पॅकेज केलं. त्यात फाइल एकही नाही, फक्त अवलंबनांची यादी, माझ्या सहाही पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांसकट. पिकपेटी १.४ म्हणजे काय हे आता एका ओळीत ठरतं.

सेन्सर वाचायला लागणाऱ्या लिबजीपीआयओडी या लायब्ररीने अर्धा दिवस खाल्ला. डेबियन १२ मध्ये पॅकेजचं नाव लिबजीपीआयओडी२, पण आतली आवृत्ती १.६. डेबियन १३ मध्ये नाव लिबजीपीआयओडी३ आणि आवृत्ती २.२. नावातला आकडा लायब्ररीच्या एसओ-नावाचा, म्हणजे प्रोग्रामशी जोडणी जुळते का ते सांगणाऱ्या क्रमांकाचा, असतो, आवृत्तीचा नाही. आणि दोनच्या मालिकेत फंक्शनं सगळी बदलली, म्हणून सेन्सर वाचणारा भाग नव्याने लिहिला. डीबाउन्सची, म्हणजे आखूड स्पंद गाळायची, वेळ आता सेटिंगच्या फाइलीत आहे, कोडमध्ये गाडलेली नाही.

१७ जानेवारी २०२६

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, सुट्टी संपली. भोगीला सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा, संक्रांतीला होमप्रदीपन. नंदीध्वज घराजवळून गेले तेव्हा आईबरोबर दर्शन घेतलं. शेड १२ तारखेच्या संध्याकाळी बंद झाली ती आज सकाळी उघडली. १५ ला रात्री घरी बसून पिकपेटी १.५ बांधली आणि भांडारावर सही केली.

आज नव्या सहा पेट्यांवर अपडेट मागितलं. सहाही पेट्यांनी नकार दिला. 'रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही.'

बीगलबोन ब्लॅकवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज बंद होताना जी वेळ होती तिथून पुढे पेटी दिवस मोजते. सहा पेट्यांच्या दृष्टीने आज १२ जानेवारीची संध्याकाळच होती आणि माझी सही १५ तारखेची, म्हणजे भविष्यातली. एपीटी भविष्याची मुभा देतो ती मूळ सेटिंगमध्ये दहा सेकंदांची. पाळीच्या नोंदींवर वेळेचा शिक्का शेडमधला संगणक मारतो, म्हणून पेटीचं घड्याळ चुकतंय हे इतके दिवस कुणाला दिसलंच नाही.

तारखेची तपासणी बंद करायचा पर्याय एपीटीत आहे. एक ओळ लिहिली की काम चालू. मी ती लिहिली नाही. जुन्याच, पण खरी सही असलेल्या भांडाराची प्रत कुणी पुढे केली तर ती तारखेवरूनच ओळखता येते. आणि जुनी आवृत्ती पेटीत राहून गेली तर काय होतं ते मी सात नंबरवर बघितलंय.

शेडच्या संगणकावर वेळ जुळवणारा क्रोनी बसवला आणि पेट्यांना वेळ द्यायची परवानगी दिली. इंटरनेट नसताना त्याने स्वतःचंच घड्याळ प्रमाण मानावं अशी एक ओळ लागते, नाहीतर तो कुणालाच वेळ सांगत नाही. पेट्यांनी सुरू होताना फरक मोठा असेल तर सावकाश न सरकता एका उडीत वेळ लावावी, असं सेटिंग केलं. दुपारी सहाही पेट्या १.५ वर.

१९ जानेवारी

वेळेचा विषय निघालाच आहे. आजपासून बरोबर बारा वर्षांनी, १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की ३२ बिटी चिन्हांकित सेकंद-मोजणी भरून जाईल आणि पुढच्या सेकंदाला १९०१ सालात जाऊन पडेल. शेडमध्ये तीस वर्षं जुने माग आहेत. पेट्या बारा वर्षं टिकणार नाहीत असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

डेबियन १३ मध्ये आर्मएचएफवर ही मोजणी ६४ बिटी केली गेली आणि त्यासाठी शेकडो लायब्ररींच्या पॅकेजांच्या नावांना टी६४ हे शेपूट लागलं. थेट तेरावर यायचं माझं हेही एक कारण होतं. पण त्याचा चटका आज बसला. मागाच्या मोटरीची वीज मोजणाऱ्या मीटरबरोबर विकणाऱ्याने एक तयार लायब्ररी दिली होती, सोर्स नाही, नुसती बायनरी. ती जुन्या ३२ बिटी वेळेवर बांधलेली. माझा प्रोग्राम तिला वेळ असलेलं स्ट्रक्चर ६४ बिटी आकारात देतो, ती ३२ बिटी समजून वाचते. सगळे आकडे सरकले, युनिटच्या जागी कचरा.

फोन केला, नवी बायनरी मिळणार नाही असं उत्तर आलं. मीटर मॉडबस ही यंत्रांची साधी बोली बोलतं. लिबमॉडबस डेबियनमध्ये आहे, त्यावर दीडशे ओळींत काम झालं. ज्या लायब्ररीचा सोर्स हातात नाही ती पेटीत घालायची नाही, हे पिकपेटीच्या रीडमीमध्ये लिहून टाकलं.

२४ जानेवारी

नऊ नंबरवर पॅकेजं उलगडत असतानाच वीज गेली. परत आली तेव्हा पेटी उठली, मोजणी बंद.

डीपीकेजी या बाबतीत फार प्रामाणिक आहे. प्रत्येक पॅकेज कोणत्या टप्प्यावर आहे हे तो स्टेटस फाइलीत लिहीत जातो. ऑडिट मागितल्यावर त्याने सरळ सांगितलं, एक पॅकेज अर्धवट बसलेलं, तीन उलगडलेली पण सेटिंग बाकी. अर्धवटचा डेब पुन्हा बसवला, मग राहिलेल्या सगळ्यांचं कॉन्फिगर. दहा मिनिटांत मोजणी सुरू. तेवढ्या वेळातले पिक मात्र गेले. मामांनी कापडाच्या मीटरवरून ते वहीत भरले आणि विणकराची सही घेतली.

आता क्रम असा. डेब फाइली आधी पेटीत उतरवून त्यांच्या बेरजा (चेकसम) तपासायच्या, हे पाळी चालू असताना झालं तरी चालतं. उलगडणं पाळी बदलताना, माग उभे असतात तेव्हाच. आणि घरी राउटरला लावतात तसला छोटा यूपीएस, पाच व्होल्टची जोड असलेला, मी पेटीपेटीवर फिरवते. पुढच्या टप्प्यात चार जीबीच्या साठवणीत दोन भाग करून मूळ प्रणाली राउक या साधनाने आलटून पालटून टाकावी आणि पॅकेज म्हणून फक्त माझी सहा ठेवावीत, असं मनात आहे. मूळ प्रणाली वर्षातून दोनदा बदलेल, माझा प्रोग्राम महिन्याला. दोघांना एकाच दोरीने बांधायची गरज नाही.

३ फेब्रुवारी

शेवटच्या चार पेट्या, एकवीस ते चोवीस, काल रात्रीच्या पाळीआधी झाल्या. आज सकाळी सगळ्यांच्या स्टेटस फाइली पुन्हा आणल्या. या वेळी पेनड्राइव्ह लागला नाही, शेडच्या संगणकावरची स्क्रिप्ट रोज पहाटे त्या गोळा करते. यादी काढली, ठसे घेतले. तेवीस सारखे, एक वेगळा.

पंधरा नंबर. यादीत एक ओळ जास्त, जाळ्यावरची वाहतूक बघणारं टीसीपीडंप. परवा जाळ्याची तक्रार शोधताना मीच टाकलं होतं, काढायचं विसरले. काढलं. पर्ज केलं, नुसतं रिमूव्ह केलं की सेटिंगची नोंद मागे राहते आणि ओळ यादीत दिसत राहते. पुन्हा ठसे घेतले. चोवीस पेट्या, एक ठसा.

त्या ठशाची पहिली आठ अक्षरं मामांनी खडूने शेडच्या दारामागे लिहून घेतली. स्क्रिप्टचा निकाल रोज सकाळी शेडच्या पडद्यावर येतो. पाळी सुरू व्हायच्या आधी ते पडदा आणि दार ताडून बघणार आहेत, आणि अक्षरं वेगळी दिसली तर माग सुरू करण्याआधी मला फोन येणार आहे.